अण्णांची चेतक : ठेवावी की मोडीत काढावी?

वाहनाची हौस म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत मोटारी आणि रविवारी फिरायला निघणारी मंडळी येतात. पण ज्याचे वाहन रोज पहाटे रस्त्यावर उतरते, त्याच्या ममत्वाला हौस म्हणावे की गरज? येरवड्यातल्या आमच्या घरात गेले काही महिने हाच प्रश्न घोळतो आहे.

आमच्याकडे 1994 सालची बजाज चेतक आहे. अण्णांनी ती जुनीच घेतली. पहाटे बंडगार्डनचा पूल ओलांडून ते मार्केट यार्डात जातात आणि पायाजवळच्या सपाट जागेत भाजीचे एक पोते, मागच्या सीटवर दुसरे, असे परत येतात. त्या भाजीवरच आमचे घर चालते आणि माझी फीही तिच्यातूनच निघते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये वर्तमानपत्रात जुन्या गाड्यांची बातमी आली, तेव्हा अण्णांनी ती माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “तू शिकतेस ना पोरी, मग सांग, ही ठेवायची की भंगारात द्यायची?” उत्तर मला येत नव्हते. ते शोधताना जे कळले, ते येथे मांडते.

या स्कूटरचे मूळ इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ कंपनीने स्वस्त वाहन तयार करण्याचे काम कोराडिनो द’आस्कानिओ या विमान-अभियंत्यावर सोपवले. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्या साखळीचे वंगण कपड्यांना लागते, चाक पंक्चर झाले तर बदलणे अवघड, अशा त्याच्या तक्रारी होत्या. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशी नेऊन बसवले आणि विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले. सांगाड्याऐवजी पत्र्याचे अंगच सारा भार पेलू लागले. पुढे पाय ठेवायला मोकळी जागा मिळाली ती यामुळेच. 1946 साली ही ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी, बाजारात आली. इटलीतल्या त्या गृहस्थाला आमच्या कोबीच्या पोत्याची कल्पना कोठून असणार? पण सोय मात्र त्याने करून ठेवली!

बजाज कंपनी 1960 च्या सुमारास पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवू लागली. हा करार 1971 साली संपला आणि 1972 साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. पुण्याजवळच्या आकुर्डीचे नाव तिच्यामुळे देशभर घरोघरी पोहोचले. त्या काळी किती गाड्या बनवायच्या यालाही सरकारी परवाना लागे, त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे दिवस पालटले. गिअर नसलेल्या स्कूटर आणि मोटारसायकली आल्या आणि डिसेंबर 2009 मध्ये कंपनीने स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. जानेवारी 2020 मध्ये चेतक हे नाव पुन्हा पुण्याच्या रस्त्यावर आले, पण विजेवर चालणाऱ्या गाडीला लागून.

आता मुख्य मुद्दा धुराचा. आमच्या चेतकचे सुमारे 145 घनसेंटिमीटरचे इंजिन दोन-स्ट्रोक जातीचे आहे. चार-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर टाकण्यासाठी आणि नवे मिश्रण आत घेण्यासाठी पिस्टनच्या वेगवेगळ्या फेऱ्या असतात. दोन-स्ट्रोकमध्ये ही दोन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी उरकली जातात. म्हणून यंत्र साधे, हलके आणि दुरुस्तीला सोपे होते. पण धूर बाहेर जाताना न जळलेले थोडे पेट्रोलही त्याच्याबरोबर निसटते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असल्याने तेही जळते. निळसर धूर येतो तो त्याचाच. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की अण्णांनी किक मारली की शेजारच्या काकू पाळण्यातल्या बाळासाठी खिडकी लावून घेतात. इतकी वर्षे तो मला नुसता खिडकीचा आवाज वाटत असे. आता तो ऐकला की मान खाली जाते.

कायद्याचे म्हणाल तर खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याची फी एप्रिल 2022 मध्ये 300 रुपयांवरून 1,000 झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी 2,000. पर्यावरण कर वेगळाच. आमचे नूतनीकरण 2024 साली झाले असल्याने पुढचे 2029 मध्ये येईल. जुन्या गाड्यांना रस्त्यावरून कमी करण्याचा हेतू मला पटतो. पण नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्यालाच जुनी गाडी जास्त महाग पडते, हेही खरे. हौशी माणसाला दोन हजार जड नाहीत, कारण त्याच्या दारात दुसरी गाडी असते.

मग मी अण्णांना काय सांगितले? त्यांना विचारले, “तेल किती टाकता?” म्हणाले, “अंदाजाने. थोडं जास्तच बरं, इंजिनाला थंडावा.” हा अंदाजच चुकीचा होता. लिटरमागे वीस मिलिलिटर तेल पुरते. जास्तीचे तेल प्लग काळा करते, सायलेन्सरमध्ये काजळी धरते आणि धूर वाढवते. आता घरात औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण तेलासाठी ठेवले आहे. सायलेन्सरही साफ करून घेतला. धूर थांबला नाही, पण डोळ्यांना दिसण्याइतका कमी झाला.

“2029 पर्यंत ठेवू,” मी म्हटले, “तोवर विजेच्या गाडीसाठी दरमहा थोडे बाजूला टाकू.” अण्णा काही बोलले नाहीत. गाडी एका कुशीवर कलती करून त्यांनी किक मारली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मला जाग आली ती वेगळ्याच कारणाने. चेतक सुरू झाल्याचा आवाज गल्लीतून नाही, कोपऱ्यावरून आला. बाळाची झोप मोडू नये म्हणून अण्णा हल्ली गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेतात. त्यांचे वय आता पंचावन्न आहे. चार पुस्तके मी वाचली खरी, पण शेजारधर्माचा हा धडा त्यांनीच मला दिला.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला