लवकर निदान, जास्त आयुष्य: हे सिद्ध कसं करायचं?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात एक तक्ता हमखास सापडतो. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की गाठ आतड्यापुरतीच असताना निदान झालं, तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण साधारण ९० टक्के असतं. रोग यकृतात किंवा फुफ्फुसात पोचल्यावर निदान झालं, तर ते साधारण १५ टक्क्यांवर येतं. तक्ता वाचून आपण लगेच म्हणतो, "म्हणजे लवकर निदान झालं की माणूस वाचतो."

हे विधान या रोगाबाबत खरंही आहे. पण ते या तक्त्यावरून सिद्ध होत नाही. तुम्ही पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसणार असाल, तर हा फरक आधी नीट समजून घ्या.

समजा, अंबड तालुक्यातला एक शेतकरी आहे. वयाच्या ६४ व्या वर्षी शौचातून रक्त जातं, तपासणी होते, कॅन्सर निघतो. ६७ व्या वर्षी तो जातो. निदानानंतर तीन वर्षं जगला. आता त्याच माणसाची तपासणी काही त्रास नसतानाच, ६१ व्या वर्षी झाली असं धरा. कॅन्सर तेव्हाच सापडला, पण उपचारांचा काही उपयोग झाला नाही आणि तो ६७ व्या वर्षीच गेला. आता तो निदानानंतर सहा वर्षं जगला! पाच वर्षं जगणाऱ्यांत त्याची गणती झाली. प्रत्यक्षात आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. आपण फक्त घड्याळ तीन वर्षं आधी सुरू केलं. याला लीड टाइम बायस म्हणतात.

दुसरी अडचण गाठीच्या वेगाची. काही गाठी झपाट्याने वाढतात, काही वर्षानुवर्षं तशाच राहतात. दोन-दोन वर्षांनी तपासणी केली, तर संथ गाठी जास्त हाती लागतात, कारण त्या बराच काळ सापडण्याजोग्या अवस्थेत असतात. वेगवान गाठी दोन तपासण्यांच्या मधेच डोकं वर काढतात. त्यामुळे तपासणीत सापडलेले रुग्ण मुळातच बरे वाटतात. हा लेंग्थ बायस.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट बघा. तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाणं आणि निदान होणं, यांत गेलेले दिवस मोजले तर काय दिसेल? आपली अपेक्षा अशी की जितके दिवस कमी, तितके मृत्यू कमी. डेन्मार्कमधल्या आरहूस भागातला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात धोक्याची लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णांत हा कालावधी साधारण पाच आठवड्यांपर्यंत वाढत गेला, तसा तीन वर्षांत मृत्यू होण्याचा धोका कमी होत गेला. त्यानंतर मात्र तो पुन्हा वाढू लागला. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा.

मग काय, उशीर चांगला? मुळीच नाही. आतडं पूर्ण बंद झालेला, पोट फुगलेला रुग्ण इमर्जन्सीत येतो. त्याचं निदान दोन दिवसांत होतं, पण रोग आधीच पुढे गेलेला असतो. किरकोळ तक्रार असलेला रुग्ण महिनाभर फिरतो, तरी त्याचा रोग सौम्य असू शकतो. म्हणजे रोगाची तीव्रताच निदानाचा वेग ठरवते आणि मृत्यूही ठरवते. हे कन्फाउंडिंग. तीव्रता लक्षात न घेता थेट सहसंबंध काढला, तर "उशिरा निदान फायद्याचं" असा भलताच निष्कर्ष तुमच्या प्रबंधात जाईल.

मग खरं उत्तर मिळवायचं कसं? निदानापासूनचे दिवस मोजणं सोडा. लोकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करा, एकाला तपासणी द्या आणि शेवटी पूर्ण गटातले त्या रोगाने झालेले मृत्यू मोजा. मृत्यूची तारीख घड्याळ कुठून सुरू केलं यावर अवलंबून नसते. अमेरिकेतल्या मिनेसोटात ४६,५५१ लोकांवर असा प्रयोग झाला. दरवर्षी शौचातलं अदृश्य रक्त तपासलेल्या गटात, १३ वर्षांत, आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल १९९३ चा.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. कॅन्सर वेगळा, पण पद्धत हीच. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणांची माहिती देत, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. चांगलंच झालं, पण टप्पा बदलला म्हणजे मृत्यू टळले, हे अजून दाखवायचं होतं.

पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह चिठ्ठीने चार गटांत विभागले. २००९ च्या निकालात, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर असलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. प्रमाण जवळपास निम्मं. ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी केलेल्या गटात मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तपासणी दोन्हीकडे झाली, पण मृत्यू मोजल्यावरच फरक कळला. तुलनेच्या गटाला चाचणी न देण्यावरून नैतिक वादही झाला. तो जरूर वाचा, कारण आकड्यांमागे बायका होत्या.

तुम्हाला जालन्यात, परतूर-भोकरदनच्या रुग्णांवर असा विषय घ्यायचा असेल, तर एवढं करा. "उशीर" हा एकच शब्द वापरू नका. लक्षण दिसल्यापासून पहिल्या डॉक्टरपर्यंत, तिथून संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत, आणि निदानापासून उपचारापर्यंत, असे तीन कालावधी वेगळे मोजा. पहिलं लक्षण कधी दिसलं हे लोक तारखेने सांगत नाहीत. "पेरणीच्या आधी", "दिवाळीनंतर" असं सांगतात. त्याची नोंद तशीच घ्या आणि नंतर महिना ठरवा. इमर्जन्सीत आलेल्यांचं विश्लेषण वेगळं करा. आणि मूळव्याध समजून किती महिने औषध घेतलं, हा प्रश्न विसरू नका. आपल्याकडे पहिला कालावधी बहुतेक वेळा तिथेच लांबतो.

शेवटी एक सांगतो. लीड टाइम बायस कळला म्हणून घरच्यांना "तपासून काय होणार?" असं सांगू नका. आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा साध्या पॉलिपपासून, साधारण दहा वर्षं घेत वाढतो. तो पॉलिप दुर्बिणीने काढून टाकला, तर कॅन्सर होणंच टळू शकतं. शंका आपल्या तक्त्यावर घ्यायची. शौचातून रक्त जात असेल, तर डॉक्टरकडे लगेच जायचं.