रिकाम्या पुंगळ्या, रिकामे हात

दोन वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरू लागले आणि भातशेतीचा व कलमांच्या बागेचा कारभार मी थोरल्या मुलाच्या हाती सोपवला. लोक म्हणाले, ‘आता सुखाने बसा.’ बसलो, पण सुख काही लाभले नाही. सकाळचा चहा झाला की पाय आपोआप गोठ्याकडे वळायचे, आणि तिथे मुलगा नाहीतर गडी आधीच हजर. मग ओटीवर येऊन बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची आणि घरातल्यांच्या कामात नाक खुपसायचे. शेवटी एक दिवस आमच्या मंडळी म्हणाल्या, “तुम्ही काम करत होता तेव्हा बरं होतं. तुमचं हे बसणंच आम्हाला जड जातंय.”

अशा मनःस्थितीत गेल्या वर्षी धाकट्या मुलाकडे अमेरिकेला गेलो. तो नेब्रास्का राज्यात, शेताला पाणी पाजणारी यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. हा सगळा मक्याचा मुलूख. मधोमध खांब आणि त्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी लांबच लांब पाण्याची नळी. त्यामुळे तिथली शेते विमानातून भाकऱ्या मांडून ठेवल्यासारखी गोल दिसतात. पण आज मला शेतीबद्दल लिहायचे नाही. मुलाच्या शेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबद्दल आणि त्याने उतारवयात लावून घेतलेल्या एका नादाबद्दल लिहायचे आहे.

गॅरेजमधला सोनार

हे गृहस्थ ७१ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी त्यांनीही माझ्यासारखीच शेती मुलाच्या हवाली केली. तेव्हापासून त्यांची संध्याकाळ मोटारीच्या गॅरेजमध्ये एका लाकडी मेजापाशी जाते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटले, हे म्हातारपणी सोनारकाम शिकले की काय! डोळ्यांना भिंग, समोर नाजूक तराजू, छोटे चिमटे, गाळणी आणि पितळेचा ढीग. जवळ जाऊन बघतो तो काय, बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या! उडवून झालेली काडतुसे पुन्हा भरण्याचे काम चालले होते. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर मात्र लागतो.

आम्हा कोकणातल्या माणसांना बंदूक अगदीच परकी नाही. माझ्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची. भात पोटरीला आले की रानडुकरांसाठी रात्रभर माळ्यावर जागायचे. वडील दारू तळहातावर घेऊन अंदाजाने ओतत, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासत. सगळा मामला हाताच्या अंदाजाचा. आणि हा अंदाज चुकतोही. आमच्याच वाडीतल्या एका काकांच्या डाव्या हाताची दोन बोटे दारू कुटताना गेली होती. त्यामुळे त्या मेजापाशी बसायला मला आधी जरा भीतीच वाटली.

काडतूस म्हणजे चार जिनसा

रविवारी मुलगा दुभाष्या म्हणून सोबत आला, आणि आजोबांनी सगळे समजावून सांगितले. काडतुसात चारच जिनसा असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली पेटवणारी टिकली, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की टिकलीवर ठोका बसतो, तिची ठिणगी बारीक भोकातून आत जाते, दारू पेटते आणि तिच्या वायूच्या रेट्याने गोळी सुटते. टिकली, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र मागे उरते, आणि चौघांत महाग तीच. म्हणून ती जपायची.

या पुंगळीचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. बार झाला की ती किंचित फुगते. तेव्हा ती आधी स्वच्छ करायची. त्यासाठी एक फिरते भांडे असते आणि त्यात घालतात काय, तर दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा! शेतकऱ्याच्या घरचीच वस्तू. मग पुंगळी पोलादी साच्यात घालून दांड्याच्या दाबयंत्राने मूळ मापावर आणायची, जुनी टिकली काढायची आणि नवी बसवायची. पुन्हा पुन्हा वापरून पितळ कडक होते आणि तोंडाशी चिरते. अशी चिरलेली पुंगळी ते बिनदिक्कत भंगारात टाकतात. काहीजण तोंडाचा भाग बेताने तापवून पितळ पुन्हा मऊ करतात. मी म्हटले, “आमचा तांबट हंडा ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतो, त्यातलाच हा प्रकार.” आजोबांना मोठी गंमत वाटली.

मग येते दारूचे वजन. ते तिथे ‘ग्रेन’मध्ये करतात. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन भरतात. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचे तर तोळा १८० ग्रेनचा आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एका गुंजेत जेमतेम दोन ग्रेन. आणि हे आजोबा ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलत होते! कोणत्या गोळीला कोणती दारू आणि ती किती, याची छापील पुस्तके असतात. त्यात दिलेल्यापेक्षा कणभरही जास्त नाही, आणि कोणाच्या तोंडच्या सांगण्यावर तर मुळीच नाही.

एवढी काटेकोरी कशासाठी? ट्रकच्या टायरमध्ये चौरस इंचाला साधारण शंभर पौंड हवा असते. त्यांच्या हरणाच्या बंदुकीत बार उडताना तो दाब पन्नास-साठ हजार पौंडांवर जातो. हा सगळा खेळ तोंडापासून हातभर अंतरावर चाललेला असतो.

जुनी परंपरा

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ साल आठवते. दातांनी तोडायचे ते चरबीचे काडतूस कागदी होते. पुढच्या दहाएक वर्षांतच पितळेच्या काडतुसांचे युग सुरू झाले. त्यात एक मौज आहे. बर्डन नावाच्या अमेरिकन माणसाने एक टिकली काढली आणि बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुसरी. पुढे अमेरिकनाची टिकली युरोपात रूढ झाली आणि इंग्रजाची अमेरिकेत! बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यामुळे एका सुईने जुनी टिकली सहज ढकलून काढता येते. अमेरिकेत घरोघर काडतुसे भरण्याचा नाद वाढला, त्यात या एका भोकाचा मोठा वाटा आहे. १८७० च्या सुमाराला गवताळ रानात रेड्यांची शिकार करणारे लोक रात्री शेकोटीपाशी बसून दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरत. आज या कामाची अवजारे बनवणारे मोठे कारखाने तिथे आहेत. त्यांतला हॉर्नडी यांचा, १९४९ साली सुरू झालेला, नेब्रास्कातल्याच ग्रँड आयलंड गावी आहे.

एक बार, जो झालाच नाही

एके दिवशी मी विचारले, “तुम्हाला कधी भीती वाटली नाही?” आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक पुंगळी माझ्या हातात दिली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या पत्नीला छातीत गाठ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी घरात बसवेना म्हणून ते मेजापाशी येऊन बसले. हात कामात, मन इस्पितळात. पन्नास भोकांच्या लाकडी पाटीत पन्नास पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या. मध्येच मुलीचा फोन आला, बोलून परत बसले आणि पुढे काम चालू केले. पन्नास काडतुसे तयार झाली.

पुढच्या आठवड्यात मित्राबरोबर ते नेमबाजीच्या मैदानावर गेले. बारा बार नीट झाले. तेराव्याला नुसता ‘टक्’ असा आवाज आला. धक्का नाही, धूर नाही. हात सवयीने पुढचे काडतूस चढवायला गेला तोच मित्र ओरडला, “थांब!” बंदूक उघडून पाहिली तर गोळी नळीतच अडकलेली. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती. नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी नळीत शिरून बसली होती. चौदावा बार काढला असता तर नळी फाटली असती आणि डोळा, हात, कदाचित जीवच गेला असता.

“घरी आलो,” आजोबा म्हणाले, “आणि उरलेली सदतीस काडतुसे एकेक करून खोलली. सगळी बरोबर निघाली. पण त्या रात्री मला कळलं की बायकोला माझी गरज होती आणि मी इथे तोंड लपवून बसलो होतो.”

त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली, आता त्या बऱ्या आहेत. मला त्यांनी स्वतः केलेला पाय खाऊ घातला. तिकडे पाय म्हणजे सारण भरून भाजलेली गोड रोटी. खिळ्यावरची ती पुंगळी मात्र तिथेच आहे.

तेव्हापासून आजोबांचे नियम ठरलेले. मन ठिकाणावर नसेल तर मेजापाशी बसायचे नाही. फोन घरात ठेवायचा. मेजावर एका वेळी एकाच जातीची दारू; दुसरा डबा कपाटात, म्हणजे अदलाबदल नको. गोळी बसवण्यापूर्वी पाटीवर विजेरी मारून पन्नासही पुंगळ्यांत डोकावायचे, एखादी रिकामी नाही ना, एखादीत दुप्पट तर पडली नाही ना. डोळ्यांवर चष्मा. विडी-सिगारेट नाही, खाणेपिणे नाही, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे. कारण गोळीत आणि टिकलीत शिसे असते व ते पोटात गेले तर विष. दारू उघडी असेल तेव्हा नातवंडांना आत मज्जाव. आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, वहीत तारीखवार नोंद.

पैसा वाचतो का?

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न हाच, आणि मीही तो विचारला. आजोबा हसले. एकेक काडतूस विकतच्यापेक्षा स्वस्त पडते खरे, पण अवजारांचा खर्च आहेच, आणि स्वस्त पडते म्हणून माणूस बारही जास्त काढतो! शेवटी खिशातून तेवढेच जातात. २०२०-२१ मध्ये साथीच्या काळात तिथे टिकल्यांचाही तुटवडा पडला, तेव्हा छंदाचे मेज काही महिने रिकामेच होते.

मग मिळते काय? नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करायला परवान्याने मुभा असते. त्या नऊ दिवसांत त्यांना एखादाच बार काढायचा असतो, आणि तो जनावराला तळमळत न ठेवणारा असावा, ही त्यांची हौस. मांस थंडीभर घरात पुरते. पण मला वाटते खरी कमाई वेगळीच आहे. ६४ व्या वर्षी त्यांनी एका निवृत्त शिक्षकाकडून हे काम विद्यार्थ्यासारखे बसून शिकून घेतले. ज्याने ४० वर्षे दुसऱ्यांना शेती शिकवली, त्याने पुन्हा ‘मला येत नाही, दाखवा’ म्हटले. मुलाच्या कारभारात लुडबूड थांबली. संध्याकाळी वाट पाहावी असे काहीतरी त्यांना मिळाले.

आपल्याकडे मात्र नाही

वाचकहो, हे वाचून कोणी आपल्या घरी असा उद्योग करू पाहील तर त्याला हात जोडून सांगतो, करू नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. बंदुकीचा परवाना म्हणजे दारू भरण्याचा परवाना नव्हे. डुकरांसाठी गावठी बॉम्ब करणाऱ्यांची, आणि ते चुकून चावणाऱ्या गुराढोरांची गत आपण पाहिलेली आहे.

मी परत आलो तो बंदुकीचा नाद घेऊन नव्हे, वही घेऊन. जूनमध्ये आंब्याच्या कोयी रुजवल्या आणि कोयकलमे बांधायला बसलो. कलमे मी आयुष्यभर बांधली, पण अंदाजाने. यंदा प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावली. काडी कोणत्या झाडाची, कोय किती दिवसांची, बांधले कधी, फुटले कधी. पहिल्या पन्नासांतली एकोणीस मेली. वही उघडून पाहिली तेव्हा ध्यानात आले की त्यांतली चौदा एकाच दुपारची होती. त्या दुपारी मी थोरल्याशी भांडून येऊन बसलो होतो.

आता भांडण झाले की सुरी बाजूला ठेवतो. आधी थोरल्याला हाक मारतो, चहा घेतो आणि मग कलमाला हात लावतो. परवा मंडळी ओटीवर येऊन म्हणाल्या, “जेवायला उठता की नाही? केव्हाची हाक मारत्येय!” दोन वर्षांत प्रथमच मला त्यांची हाक ऐकू आली नव्हती.