पेंचचा नदीकाठ: सोपी, पण नियमांची वाट

मध्य प्रदेशातील रामाकोना परिसरात हिवाळ्यातील जंगलभ्रमणाचा विचार करता येतो.

रामाकोन्याजवळून वाहणाऱ्या कन्हान नदीला जी पेंच नदी पुढे नागपूर जिल्ह्यात मिळते, तिच्याच नावाने 1983 मध्ये मध्य प्रदेशात राष्ट्रीय उद्यान आणि 1992 मध्ये व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी ही नदी उन्हाळ्यात बहुतांशी आटते. मग उरलेल्या डोहांवर, म्हणजे पात्रातील खोल पाणसाठ्यांवर, चितळ, सांबर आणि त्यांच्यामागे वाघही येतात, म्हणून तेथील काठ हा खऱ्या अर्थाने जंगलाचा प्राण आहे.

गाभा क्षेत्रात, म्हणजे सर्वाधिक संरक्षित भागात, पर्यटकांना पायी फिरता येत नाही. पायवाट हवी असल्यास सभोवतालच्या बफर क्षेत्रात, वनविभागाच्या परवानगीने आणि वाटाड्यासोबतच जावे.

पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते; पायी फिरण्यासाठी हिवाळा उत्तम.