भातखाचरातील लव्हाळे ओळखावेत कसे?

भाताची लावणी आटोपल्यावर थोड्याच दिवसांत रोपांच्या अधूनमधून त्रिधारी काड्यांचे हिरवे झुबके दिसू लागतात. या सर्वांस सरसकट ‘लव्हाळा’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु या एकाच नावाखाली भिन्न स्वभावाची तणे मोडतात व एकावरील उपाय दुसऱ्यावर निष्फळ ठरतो.

बांधावर व कोरड्या शेतात ठाण मांडणारा नेहमीचा लव्हाळा, म्हणजे सायपेरस रोटंडस, बहुवर्षायू आहे. खाचराच्या चिखलात आढळणारे वीतभर ते गुडघाभर उंचीचे सायपेरस डिफॉर्मिस हे तण मात्र वर्षायू आहे. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये त्याचे हे नामकरण केले.

प्रथम काडी दोन बोटांत फिरवून पाहावी. तिला तीन धारा जाणवतात. ती भरीव असून तिच्यावर पेरे नसतात. भाताची काडी गोल, पोकळ व पेरे असलेली असते. रोपे कोवळी असताना काडीची ही खूण उपयोगी पडत नाही. अशा वेळी पाने पाहावीत. भाताची पाने दोन ओळींत येतात व पान जेथे खोडाला बिलगते तेथे जिभेसारखा पातळ पापुद्रा असतो. लव्हाळ्यांची पाने तीन ओळींत येतात व तसा पापुद्रा त्यांना नसतो.

खरा निर्णय मुळांवरून होतो. झुबका हिसडा देऊन उपटू नये. रोटंडसच्या गाठी नाजूक धाग्यांनी जोडलेल्या असल्याने त्या तुटून जमिनीतच राहतात आणि पाहणाऱ्याची फसगत होते. खुरप्याने मातीसह काढून मुळे धुवावीत. गाठी नसून केवळ तंतुमुळेच असतील, तर तण वर्षायू समजावे. पुढे फुलोऱ्याचे दाट, गोल गेंद दिसले की डिफॉर्मिसची खात्री पटते. सायपेरस इरिया हेही वर्षायूच. त्याचा फुलोरा मात्र मोकळा व पिवळसर असतो.

वर्षायू तणाचे सारे बळ बियांत असते. डिफॉर्मिसचे एक झाड हजारो बिया देते आणि अनुकूल स्थितीत उगवणीपासून बी धरेपर्यंत त्यास जेमतेम महिना लागतो. म्हणून गेंद धरण्यापूर्वीच बेणणी व्हावयास हवी. खाचरात पाणी उभे राखल्यास उगवणही कमी होते. रोटंडसच्या बाबतीत गाठी वेचून काढल्यावाचून गत्यंतर नाही. नुसत्या नांगरटीने त्या शेतभर पसरतात. केवळ तणनाशकावर विसंबणेही इष्ट नव्हे. कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियातील भातशेतीत १९९० च्या दशकात डिफॉर्मिस काही तणनाशकांना दाद देईनासे झाले होते.

गेंद धरलेले झुबके उपटून बांधावर टाकण्याची सवयही सोडावी लागेल. पावसाबरोबर त्यांच्या बिया पुन्हा खाचरातच उतरतात.