विहिरीत उतरलेले विष : बिछडी गावाचा धडा

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले आणि पाणी हा माणसाचा हक्क आहे हे साऱ्या देशाला बजावले. पाणवठ्यावर अडवणारे हात आजही काही ठिकाणी आहेतच. पण आता आणखी एक शत्रू आला आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कारखान्याचे रसायन जमिनीत मुरते आणि हापशातून गुपचूप आपल्या हंड्यात येते. आपल्या कितीतरी वस्त्या गावाच्या कडेला, नाल्याकाठी, औद्योगिक वसाहतीला लागून आहेत. म्हणून राजस्थानातील एका गावाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बिछडीत काय घडले?

उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे खेडे आहे. तेथे १९८८ साली रंग बनविण्यासाठी लागणारे ‘एच-ॲसिड’ तयार होऊ लागले. उत्पादन झाले अवघे ३७५ टन. पण त्यातून सुमारे २,४०० ते २,५०० टन विषारी गाळ निघाला. हा गाळ कारखान्याच्या आवारात आणि आसपास उघड्यावर टाकला गेला. सांडपाणीही तसेच सोडले गेले. पावसाने गाळातील विष जमिनीत उतरविले. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना पिण्याजोगे राहिले नाही, गुराढोरांना चालेना, शेतालाही देता येईना. गावकरी खवळले. जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले आणि जानेवारी १९८९ मध्ये तो कारखाना बंद पडला. कारखाना बंद पडला तरी विष जमिनीतच राहिले. पुढे गाळाचा काही भाग इकडेतिकडे पसरून त्यावर माती लोटण्यात आली. वरून जागा स्वच्छ दिसली, पण पाऊस पडला की खालचे विष पुन्हा पाझरणारच.

विष जमिनीखाली कसे फिरते?

जमिनीखाली पाण्याचे मोठे तळे असते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक पाणी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत आणि खडकांच्या भेगांत साठलेले असते. ते उताराच्या दिशेने अगदी सावकाश सरकते. जी रसायने पाण्यात विरघळतात ती पाण्याबरोबर पुढे जातात. काही मातीच्या कणांना चिकटतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी सुटत राहतात. यंत्रांचे तेलकट भाग धुण्याची काही द्रावणे पाण्यापेक्षा जड असतात. ती पाण्याच्याही तळाशी जाऊन बसतात. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा कातळ आहे. त्यात पाणी भेगांमधून वाहते. त्यामुळे जवळची विहीर चांगली आणि दूरची खराब असेही घडते. एखाद्या बोअरमधून फार उपसा झाला तर दूषित पाणी तिकडेच ओढले जाते.

माताभगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण त्यातील शिसे, क्रोमियम, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीवर किंवा क्लोरीनच्या गोळीवरही विसंबून राहू नये.

शुद्धीकरण कसे करतात?

तथागतांनी दुःखाचे कारण शोधून ते दूर करायला शिकविले. येथेही तोच मार्ग आहे. आधी विषाचा उगम हलवावा लागतो. गाळ व दूषित माती खणून, खाली पाझरणार नाही अशा बंदिस्त जागी न्यावी लागते. मग दूषित पाणी उपसून विशिष्ट कोळशातून गाळतात, कारण असा कोळसा अनेक रसायने धरून ठेवतो. उडून जाणारी द्रावणे पाण्यातून हवा सोडून काढतात. काही ठिकाणी पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या कणांची भिंत जमिनीत उभी करतात. काही रसायने सूक्ष्म जीवाणूंकरवी नष्ट करवितात. पण मातीला चिकटलेले विष हळूहळू सुटत असल्याने या कामाला अनेक वर्षे, कधी दशकेही लागतात. विष सांडायला एक हंगाम पुरतो, काढायला मात्र एक पिढी जाते.

खर्च कोणी करायचा?

बिछडीचा प्रश्न १९८९ साली एका पर्यावरणवादी संस्थेने घटनेच्या ३२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात नेला. घटना समितीत बाबासाहेबांनी याच कलमाला घटनेचा आत्मा म्हटले होते. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेकडून पाहणी करविली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला : ज्याने घाण केली त्यानेच खर्च भरावा. आपण काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. १९९७ साली ही रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरली. मालकांनी अर्जामागून अर्ज करून ती टाळली. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा आदेश दिला. वर १० लाखांचा खर्चही लावला. या व्याजाने रक्कम सुमारे सहा वर्षांत दुप्पट होते. म्हणजे आदेशाच्या दिवशीच मूळ रक्कम चौपटीहून जास्त झाली होती. चालढकल अशी महागात पडते.

आपण काय करावे?

विहिरीच्या किंवा हापशाच्या पाण्याचा रंग, वास वा चव बदलली की तारखेसह वहीत नोंद करा. ते पाणी पिणे व स्वयंपाकाला वापरणे थांबवा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज देऊन सरकारी प्रयोगशाळेत तपासणी मागा. केवळ जंतूंची नव्हे तर रसायने व धातूंचीही तपासणी हवी, असे अर्जात स्पष्ट लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. एकट्याच्या अर्जाकडे दुर्लक्ष होते, म्हणून महिला मंडळाने आणि विहारातील तरुणांनी वस्तीच्या सह्या घ्याव्यात. पाणी चांगले दिसते म्हणून स्वस्थ बसू नका, कारण पुष्कळशा विषांना रंगही नसतो आणि वासही नसतो.

चवदार तळ्यावर आपल्या आजी-आजोबांनी पाण्याचा हक्क मिळविला. ते पाणी निर्मळ राखणे ही आता आपली जबाबदारी आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!