विश्लेषण : घरच्या गाडीला कोणते इंजिन ऑइल योग्य? ते कधी बदलावे?

ट्रॅक्टरचे ऑइल कारमध्ये चालते का? विदर्भाच्या उन्हाळ्यात 'जाड' ऑइलच हवे का? काळे पडले म्हणजे खराब झाले का? गावातल्या गॅरेजवर रोज होणाऱ्या चर्चेतील प्रश्नांची उत्तरे…

बैलगाडीच्या आखाचे वंगण संपले की ती कुरकुरते आणि शेजारच्या शेतातही ते ऐकू जाते. कारचे इंजिन मात्र तेल कमी झाले, त्यात गाळ साचला, तरी बराच काळ मुकाट चालत राहते. ते आवाज करू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मग खर्च ऑइलच्या डब्याचा राहत नाही, इंजिन उघडण्याचा होतो.

यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील फुलसावंगी आणि परिसरात घरची कार केवळ हौसेची नसते. लग्नकार्य, माहूरगडाचे दर्शन, पुसद-उमरखेडची कामे तिच्यावरच होतात. रात्री-अपरात्री रुग्णाला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नांदेडला न्यायचे तर तीच गाडी बाहेर काढावी लागते. अशा वेळी ती वाटेत बंद पडणे परवडत नाही.

जुना अनुभव नव्या गाडीला का चालत नाही?

फुलसावंगीचे नाव ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर पोहोचले. स्वतः तयार केलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत इथल्या एका तरुण कारागिराचा मृत्यू झाला होता. त्या हेलिकॉप्टरमध्ये बसवलेले इंजिन मारुती ८०० चे होते. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या या गाडीच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनावर देशातील मेकॅनिकांच्या एका पिढीचा हात बसला. ते इंजिन साधे होते, त्यामुळे थोडे जाड ऑइलही खपून जात असे. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ ऑइलच्या दाबावर बदलणारी यंत्रणा असते आणि तिच्या वाटा फार बारीक असतात. 'आम्ही तर २०डब्ल्यू-४०च टाकतो' हा सल्ला म्हणूनच जपून घ्यावा.

ऑइल नेमके काय करते?

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. तो आणि त्याचे बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच फट असते. त्या फटीतील ऑइलचा थर धातूला धातूवर घासू देत नाही. शिवाय ऑइल उष्णता वाहून नेते, काजळी स्वतःत धरून ठेवते, गंज रोखते आणि पिस्टन रिंगजवळची फट बंद ठेवते.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

समजा, डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिले आहे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा थंड इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके ऑइल सुरुवातीला लवकर वरपर्यंत पोहोचते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑइल किती जाड राहते ते दाखवतो. ४० क्रमांकाचे ऑइल ३० पेक्षा जाड, तर २० आणि १६ क्रमांकाचे पातळ. हे आकडे दर्जाचे नाहीत. ४० म्हणजे ३० पेक्षा 'भारी' असे नसते.

दर्जा कळतो तो 'एपीआय' या खुणेवरून. 'एस'ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनसाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये एसएन २०१० मध्ये, एसपी २०२० मध्ये, तर एसक्यू २०२५ मध्ये आले. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारे फिल्टर असते. ऑइलमधून उरणाऱ्या राखेने ते तुंबते. त्यामुळे अशा गाडीला मॅन्युअलमध्ये सांगितलेले कमी राखेचे ऑइलच लागते.

४५ अंशांच्या उन्हात जाड ऑइल नको का?

विदर्भात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. बाहेर २० अंश असो वा ४५, थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनातील कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवतात. ऑइल सुमारे १०० अंश आणि त्याहून अधिक तापमानात काम करते. त्यामुळे केवळ ऊन वाढले म्हणून ग्रेड बदलण्याची गरज नसते. गरजेपेक्षा जाड ऑइलने इंजिनावरचा भार वाढतो, मायलेज घटते आणि सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत वरच्या भागांना ऑइल उशिरा मिळते.

अनेक मॅन्युअलमध्ये मुख्य ग्रेडसोबत पर्यायी ग्रेड दिलेला असतो. गाडी खूप चाललेली असेल, भरगच्च प्रवासी घेऊन फिरत असेल किंवा समृद्धी महामार्गावर तासन्‌तास वेगात धावत असेल, तर त्या पर्यायांतील जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. मॅन्युअलच्या चौकटीबाहेर मात्र जाऊ नये. जुनी गाडी घेतली आणि मॅन्युअल मिळाले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते बहुधा सापडते. अनेक गाड्यांत ऑइल भरण्याच्या झाकणावरच ग्रेड लिहिलेला असतो.

ट्रॅक्टरचे किंवा दुचाकीचे ऑइल टाकले तर?

शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली असतेच. ते बहुधा १५डब्ल्यू-४० ग्रेडचे, डिझेल इंजिनसाठीचे असते. त्यात जस्त आणि फॉस्फरस असलेले घटक सहसा जास्त असतात. पेट्रोल कारच्या धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने हळूहळू निकामी होतो. वाटेत ऑइल फारच कमी झाले आणि दुसरे काहीच मिळाले नाही, तर तात्पुरते थोडे टाकता येईल. कायमची सवय नको.

दुचाकीचे गणित वेगळे आहे. तिचा क्लच बहुधा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरू शकतो. म्हणून दुचाकीच्या डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहावी आणि कारचे उरलेले ऑइल तिच्यात रिचवू नये.

किती किलोमीटरनंतर बदलायचे?

आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांसाठी १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम आहे. यातला दुसरा भाग लोक विसरतात. गाडी वर्षात ३ हजार किलोमीटरच चालली तरी ऑइल बदलायलाच हवे.

मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थिती' असेही एक कोष्टक असते. धुळीचे रस्ते, ओझे, सतत कमी अंतराच्या फेऱ्या आणि इंजिन चालू ठेवून उभे राहणे त्यात मोडते. शेतातल्या पांदण रस्त्याने जाणारी गाडी यातच बसते. तेव्हा मुदत साधारण निम्म्यावर आणणे शहाणपणाचे. २-३ किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये राहते. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा पांढरट साय त्यामुळेच असतो. डिपस्टिकवरही दुधासारखे ऑइल दिसले, तर कूलंट इंजिनात शिरत असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नका.

काळे ऑइल म्हणजे खराब?

नाही. ऑइल काजळी धरून ठेवते म्हणूनच काळे होते. डिझेल गाडीत नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते. उलट सीएनजीवर ऑइल बरेच दिवस स्वच्छ दिसते, पण उष्णतेने आतून झिजतच असते. रंगापेक्षा तारीख आणि किलोमीटर पाहा.

बदलताना काय पाहावे?

• गाडी सपाट जागी उभी करून इंजिन कोमट असताना ऑइल काढावे. गाडीखाली शिरायचे तर नुसत्या जॅकवर किंवा विटांवर विसंबू नये, स्टँड लावावा.

• ऑइलबरोबर फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशरही बदलावा. फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो हाताने आवळावा.

• छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण ३ ते ४ लिटर ऑइल बसते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, ५-१० मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरले तर ऑइल घुसळून फेस होतो आणि दाब पडतो.

• डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा. सील आणि उत्पादनाची तारीख तपासावी. रिकामा डबा कापून टाकावा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून पुन्हा विकता येणार नाही.

• तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहून ठेवावे. वॉरंटी असेल तर बिलही जपावे.

जुन्या ऑइलचे काय?

ते गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी फासणे, चुलीत जाळणे किंवा नालीत ओतणे ही सर्रास सवय आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायने असतात. कायद्याने तो घातक कचरा आहे. नालीतले ऑइल शेवटी ओढ्यात आणि विहिरीत उतरते. बंद कॅनमध्ये साठवून ते जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

लाल दिवा लागला तर?

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक पाहणे हे दोन मिनिटांचे काम. तरीही चालत्या गाडीत तेलाच्या झारीचे लाल चिन्ह उजळले, तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असे म्हणू नका. तो दिवा बहुधा ऑइलचा दाब गेल्याचे सांगतो, आणि दाबाशिवाय इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पातळी तपासा. ऑइल भरूनही दिवा विझला नाही, तर गाडी ओढूनच न्या.