ठोका नेमका कुठे पडावा?

पडद्यावर दार आपटतं आणि त्याच क्षणी तबल्यावर थाप पडते. प्रेक्षकाला ते आपसूक घडल्यासारखं वाटतं, पण त्यामागे चोख हिशेब असतो. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम्सनी चालतो. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली, तर दर 12 फ्रेम्सना एक ठोका येतो. संगीत सुरू झाल्यापासून 66 फ्रेम्सनी दार आपटत असेल, तर ते दोन ठोक्यांच्या मधोमध सापडतं. मग संगीतकार लय थोडी चढवतो. दर 11 फ्रेम्सना ठोका ठेवला, म्हणजे मिनिटाला साधारण 131, की सहा ठोक्यांचं अंतर बरोबर 66 फ्रेम्सचं होतं. तबलजी समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, उलटं मोजून तिहाई (तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा) बांधतो, त्याच जातीचं हे काम. मात्र तबलजी प्रत्येक मात्रेवर सम आणत नाही. पार्श्वसंगीतालाही हाच संयम हवा. नुसत्या हालचालीला ठोका देण्यात अर्थ नाही. प्रसंग जिथे वळण घेतो, तिथे तो द्यावा.

यावर कुणी म्हणेल, हालचालीबरहुकूम संगीतानं तर मोठे चित्रपट घडवले. खरंच आहे. डिस्नेच्या 1928च्या ‘स्टीमबोट विली’त मिकीची उडी न् उडी संगीताशी बांधलेली आहे, आणि 1933च्या ‘किंग काँग’मध्ये मॅक्स स्टायनर यांनी टोळीच्या म्होरक्याच्या पावलांनाही सूर जोडले. पण व्यंगचित्रपटात हे शोभतं, कारण तिथे पात्र कळसूत्री बाहुलीसारखं नाचणं हीच गंमत असते. गंभीर प्रसंगातल्या माणसाची प्रत्येक हालचाल अशी वाजवली, तर त्याचीही बाहुली होते आणि नको तिथे हसू येतं.

मराठी पडद्यानं याचं दुसरं टोक फार लवकर गाठलं. व्ही. शांताराम यांच्या 1937च्या ‘कुंकू’ला संगीत केशवराव भोळे यांचं, तरी त्यात पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातलेच आवाज वापरले. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅंड्री’त डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थबकतं आणि डुक्कर निसटतं. इथे संगीत हालचालीच्या मागे धावत नाही, तेच हालचाल थांबवतं. आणि त्या एका क्षणात त्या कुटुंबाची सारी कोंडी दिसते.

याउलट टीव्ही मालिकांमध्ये एकच चेहरा तीनदा दाखवून तीनदा दणका देतात, आणि लोक ते बघतातही. दणक्यानं मान वर होते, हे मान्य. पण दर दोन मिनिटांनी तो बसला, की खऱ्या धक्क्यासाठी संगीतकाराच्या हाती काही उरत नाही. संगणकामुळे आता प्रत्येक फ्रेमवर ठोका बसवणं सोपं झालंय, म्हणून निवड जास्तच काटेकोर हवी. पात्राचं मन कुठे बदलतं, ते आधी ठरवावं. लय तिथून उलटी मोजावी. बाकीची दारं खुशाल नुसती आपटू द्यावीत.